बर्लिनचा शनिवार-रविवार

आमच्या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकणपर्यंतच्या औद्योगिक वसाहतींतल्या कितीतरी कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार सगळीकडे एकाच दिवशी पडू नये म्हणून वेगवेगळे वार नेमून देण्याची ही जुनी व्यवस्था. आमच्या वाट्याला गुरुवार आला. त्यामुळे येथे लग्नाची बोलणी गुरुवारी होतात, पाहुणे गुरुवारी येतात आणि गुरुवार पडला दत्ताचा वार, म्हणून मटणाचा बेत बुधवारी रात्रीच उरकावा लागतो. पोरांच्या शाळेला सुट्टी रविवारी, बापाला गुरुवारी. मी चिंचवडच्या शाखेत अधिकारी होतो तेव्हा गुरुवारी सकाळी काउंटरपुढच्या रांगेत कामाचे कपडे दिसत नसत, इस्त्रीचे शर्ट दिसत. तेवढ्यावरून वार ओळखता येई.

सलग दोन दिवस सुट्टी ही गोष्ट या गावाने दिवाळीखेरीज फारशी पाहिलेली नाही. अशा गावातल्या एका मुलीला परक्या देशात दोन दिवस मोकळे मिळाले, तेव्हा आमच्या घरात जो खल झाला तो सांगण्यासारखा आहे.

माझी भाची चाकणला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात अभियंता आहे. गेल्या वर्षी तिला अडीच महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी जर्मनीत वोल्फ्सबर्गजवळ पाठवले. वोल्फ्सबर्ग हे फोक्सवागेनचे गाव. त्यांचा चाकणचा कारखाना 2009 च्या मार्चमध्ये सुरू झाला. माझ्या पिढीला चाकण ठाऊक होते ते कांदा-बटाट्याच्या बाजारामुळे आणि फिरंगोजी नरसाळ्याने 1660 साली शाएस्तेखानाविरुद्ध छप्पन्न दिवस लढवलेल्या किल्ल्यामुळे. भाचीच्या वयाची मुले चाकणच्या बसथांब्यावर उभी राहून जर्मन भाषेच्या क्लासची चौकशी करतात.

परदेशी प्रशिक्षणाला जाणाऱ्यांचे आमच्याकडे एक शास्त्र तयार झाले आहे. बॅगेत तीन लिटरचा कुकर, मूगडाळ, गोडा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी. कंपनीकडून रोजचा जो भत्ता मिळतो तो तिकडे खर्च करायचा नसतो, इकडे आणायचा असतो. खोलीवर खिचडी करून वाचवलेल्या त्या युरोंतून घरात फरशी बसते, धाकट्याची फी भरली जाते, कर्जाचे हप्ते आगाऊ जातात. भाचीने मोशीला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आहे आणि त्याचे कर्ज आहे. त्यामुळे एके दिवशी तिचा व्हिडिओ कॉल आला आणि तिने, ‘मामा, पुढच्या शनिवार-रविवारी मला काम नाही. बर्लिन तासाभरावर आहे. जाऊ का?’ असे विचारले, तेव्हा हा प्रश्न माझ्यापेक्षा माझ्या मागे बसलेल्या तिच्या वडिलांना होता, हे मला कळले.

दाजी म्हणाले, ‘पंधरा हजार रुपये घालून दोन दिवस दगडविटा बघायच्या? त्यापेक्षा झोप म्हणावं. दमली असेल.’

दाजी कंजूष नाहीत. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांनी चौतीस वर्षे काढली. ओव्हरटाइम निघाला की गुरुवारीही जात. दोन मुलांची शिक्षणे त्या गुरुवारांवर झाली. ज्याने आयुष्यभर सुट्टी विकली त्याला ती पैसे देऊन विकत घेणे कसे पटावे? निवृत्त होऊन पाच वर्षे झाली, तरी डोक्यावरून अंघोळ आणि मंडई ते गुरुवारीच करतात.

त्या संध्याकाळी मी त्यांना नारायण मेघाजी लोखंड्यांची गोष्ट सांगितली. कामगारांच्या घरातही हे नाव आता कुणाला पटकन आठवत नाही, याचे मला वाईट वाटते. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. त्यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. तेव्हा गिरण्या दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत चालत आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नसे. सभा, अर्ज, सह्यांच्या मोहिमा अशी काही वर्षे गेल्यावर 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. आपण रविवारची पुरवणी वाचतो त्या रविवारचा इतिहास हा असा आहे. जर्मनांचा शनिवारही कुणी ताटात वाढून दिलेला नाही. 1956 च्या कामगार दिनाला तिथल्या संघटनांनी एक भित्तिपत्रक काढले होते. शनिवारी बाबा माझे असतात, असे त्यावर एक लहान मुलगा सांगत होता. पाच दिवसांचा आठवडा त्यानंतर एकेका उद्योगात येत गेला.

‘तुमची पोरगी ज्या शनिवारी मोकळी आहे,’ मी म्हणालो, ‘तो असा मिळालेला आहे.’

‘मिळाला ना? मग झोपायलाच मिळाला,’ दाजी म्हणाले.

बहीण आतून कांदा चिरता चिरता म्हणाली, ‘दादा, तू आधी बेत तरी करून दे. खर्च किती ते कळू दे.’ बँकवाल्याशी कसे बोलायचे हे तिला बरोबर ठाऊक आहे.

माझ्या उमेदवारीच्या काळात, 1980 च्या दशकात, परदेशी जाणाऱ्याला परकीय चलन देणे म्हणजे 1973 च्या ‘फेरा’ कायद्याची कागदपत्रे पुरी करता करता दोघांचाही घाम निघे. त्याही आधी तर माणूस आठ डॉलर खिशात घालून विमानात बसत असे. तो कायदा 2000 साली गेला. 2004 पासून पंचवीस हजार डॉलर वर्षाला बाहेर नेता येऊ लागले आणि आता ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. सरकारचा हात सुटला. घरातला हात सुटायला वेळ लागतो.

निवृत्तीनंतर एकदा मी चार दिवस बर्लिनला राहिलो होतो. आपल्याकडच्या सहलकंपन्या पंधरा दिवसांत आठ देश करतात तेव्हा एखादी राजधानी अर्ध्या दिवसात आटोपते. बसच्या खिडकीतून उजवीकडे बघा, डावीकडे बघा. आईवडिलांच्या वयाच्या माणसांना तेही सोयीचे असते, मी त्याला हसणार नाही. पण एकट्याने, पायी, पत्ता विचारत शहर बघण्याची गोडी मराठी माणसाला मीना प्रभूंच्या पुस्तकांनी लावली, आणि बर्लिन तशा बघण्याचेच गाव आहे. मात्र ते अफाट पसरलेले आहे, जवळजवळ नव्वद हजार हेक्टर. दोन दिवसांत सगळे बघू म्हणणारा माणूस दोन्ही दिवस भुयारी रेल्वेत काढतो.

मी कागद घेतला आणि आधी खोडायला सुरुवात केली. पर्गामॉन वस्तुसंग्रहालय 2023 च्या ऑक्टोबरपासून दुरुस्तीसाठी बंद झाले. बाबिलोनचा निळा इश्तार दरवाजा ज्या भागात आहे तो तर 2037 पर्यंत उघडायचा नाही. खोडले. टीव्हीचा मनोरा 368 मीटर उंच, वर जायला तिकीट महाग. खालून कुठूनही दिसतो, खोडला. त्याऐवजी राइशटागचा काचेचा घुमट. जर्मन संसदेच्या या इमारतीवर नॉर्मन फॉस्टरने घुमट बांधला, तो 1999 साली खुला झाला. वर जायला पैसे पडत नाहीत, पण नाव आधी नोंदवावे लागते आणि दाराशी पासपोर्ट दाखवावा लागतो. भाचीला त्याच रात्री नोंदणी करायला लावली. शनिवारी अकराची वेळ मिळाली.

मग 100 क्रमांकाची बस. दोन्ही बर्लिन एक झाल्यावर 1990 च्या नोव्हेंबरात सुरू झालेली ही दुमजली बस पश्चिमेच्या प्राणिसंग्रहालयापासून पूर्वेच्या अलेक्झांडरप्लाट्झपर्यंत जाते आणि वाटेत निम्मे प्रेक्षणीय बर्लिन दाखवते, साध्या तिकिटात. (तिकिटावर शिक्का मारून घ्यायचा असतो. न मारलेले तिकीट खिशात ठेवणाऱ्यालाही साठ युरो दंड होतो, हे मी ठळक अक्षरांत लिहिले.) ब्रांडेनबुर्ग दरवाजा, त्याच्या जवळच 2,711 करड्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे, मारल्या गेलेल्या ज्यूंचे स्मारक. दुपारी बर्नाउअर रस्ता. 13 ऑगस्ट 1961 ते 9 नोव्हेंबर 1989 या काळात शहराचे दोन तुकडे करणाऱ्या भिंतीचा एक पट्टा तिथे पहाऱ्याच्या मोकळ्या जागेसकट जपून ठेवला आहे. रंगवलेली भिंत फोटोला चांगली, पण ती भिंत काय होती ते या रस्त्यावर कळते. पैसे नाहीत.

रविवारचे खाणे शनिवारीच घेऊन ठेव, असेही लिहिले. रविवारी तिकडे किराण्याची दुकाने बंद. मोठ्या स्थानकांतली तेवढी उघडी. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून जर्मनांच्या 1919 च्या राज्यघटनेत संरक्षित होता आणि 1949 च्या घटनेने ते कलम तसेच उचलले. लोखंड्यांना हे वाचून काय वाटले असते!

आता रविवारची सकाळ उरली. तिच्यावरून वाद झाला.

माझी इच्छा होती की तिने डालेमला जावे. शहराच्या नैर्ऋत्येला, झाडीत, इन्हे रस्त्यावर 22 क्रमांकाची एक इमारत आहे. आज ती विद्यापीठाकडे आहे. 1927 पासून तिथे मानववंशशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था होती, आणि तिथे 1928 साली पुण्याहून एक तरुणी संशोधनाला गेली, इरावती कर्वे. आयगेन फिशर हे तिचे मार्गदर्शक. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण त्याची बुद्धी श्रेष्ठ असल्याचे सांगते, अशी त्यांची धारणा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा काही संबंध दिसत नाही, असे त्याच गुरूपुढे प्रबंधात मांडले. 1930 साली पदवी घेऊन त्या परतल्या. पुढे त्याच संस्थेचे शास्त्र नाझींच्या कामी आले आणि आउशवित्झच्या छळछावणीतून तिथे माणसांचे अवशेष पाठवले गेले. भिंतीवर आज त्याचा स्मृतिफलक आहे. गुणवत्ता विभागात काम करणाऱ्या मुलीने, मोजमाप काय सांगते ते साहेबाला न भिता सांगणाऱ्या बाईची जागा बघावी, असे मला वाटत होते.

‘त्या तर मोठ्या घरच्या. त्यांना काय पैशाचं?’ दाजी म्हणाले.

मी सांगितले, की त्या कर्ज काढून गेल्या. पैसे जीवराज मेहतांनी उसने दिले होते. आणि सासरे, साक्षात महर्षी कर्वे, त्यांच्या जाण्याच्या विरुद्ध होते.

दाजींचा चेहरा उजळला. ‘म्हणजे अण्णासाहेब कर्वेसुद्धा माझ्याच बाजूचे!’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. बहिणीकडे होते. ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, ‘पण त्या गेल्या ना?’

थोड्या वेळाने दाजींनी कागद स्वतःकडे ओढला आणि विचारले, ‘यात मशीन कुठं आहे?’ क्रॉइत्झबर्गमध्ये जुन्या मालधक्क्याच्या जागेवर तंत्रज्ञानाचे मोठे संग्रहालय आहे, इंजिनांच्या जुन्या गोल शेडमध्ये वाफेची इंजिने उभी आहेत, हे मी सांगताच त्यांनी डालेमच्या खाली ते स्वतःच्या हाताने लिहिले. रेल्वे, महिलांच्या वसतिगृहातली एक रात्र, तिकिटे, संग्रहालय, खाणे मिळून एकशे पन्नास युरो. हप्त्याच्या निम्मे. दाजींनी बेरीज दोनदा तपासली.

ती गेली. शनिवारी घुमटावर ढगांमुळे फारसे दिसले नाही. बर्नाउअर रस्त्यावर ती ठरल्यापेक्षा दुप्पट वेळ थांबली. रविवारी डालेमची इमारत कुलूपबंद होती, ते अपेक्षितच होते. बाहेर उभे राहून तिने फलकाचा फोटो पाठवला, सोबत एकच ओळ: ‘मामा, किती साधी बिल्डिंग आहे.’ तांत्रिक संग्रहालयातून तिने कॉल लावला आणि मोबाईल एका इंजिनाच्या चाकांजवळ धरला. दाजी पडद्यात जवळजवळ शिरले. ‘अजून खाली घे. त्या दांड्याच्या टोकाशी. बघ, बघ, बुश कसं बसवलंय!’ इतर प्रवासी मागून जात होते आणि ही मुलगी अर्धा तास चाकांपाशी वाकून बापाला शंभर वर्षांपूर्वीचे फिटिंग दाखवत होती. रात्री ती खोलीवर पोहोचली. सोमवारी सहाच्या पाळीला हजर. खर्च एकशे बासष्ट युरो आला. वरचे बारा कशाचे, हे दाजींनी विचारले नाही.

पुढच्या गुरुवारी मी गेलो तेव्हा ते कपाट उघडून बसले होते. आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, सगळे पलंगावर मांडलेले. पासपोर्टला काय काय लागते, विचारले. पुन्हा विचारले, फी किती? पंधराशे, मी म्हणालो, आणि दहा वर्षे चालतो.

‘तुम्हाला कशाला हवाय?’ बहिणीने विचारले.

‘असू दे. घरात असावा,’ असे म्हणून त्यांनी दाखल्याची घडी सरळ केली आणि मला झेरॉक्सच्या दुकानापर्यंत चला म्हणाले.