बिनतारी संवेदक जाळ्यांतील स्थाननिश्चिती

बिनतारी संवेदक जाळ्यांतील स्थाननिश्चिती म्हणजे जाळ्यातील ज्या नोडांची जागा ठाऊक नाही, त्यांचे स्थान जागा ठाऊक असलेल्या मोजक्या नोडांच्या आधारे काढण्याची प्रक्रिया होय. संवेदक, प्रक्रियक, रेडिओ व बॅटरी असलेल्या लहान उपकरणास नोड म्हणतात. ज्याचे स्थान आधीच निश्चित केलेले असते, तो संदर्भ नोड होय.

गरज

नोंद कोठली आहे हे कळल्याशिवाय तिचा उपयोग होत नाही. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. अशा भागात क्षारता मोजणाऱ्या नोडांची स्थाने चुकल्यास एका शेताची नोंद दुसऱ्याच्या नावे लागते आणि ओलिताचा निर्णय फसतो. प्रत्येक नोडाला जीपीएस जोडल्यास खर्च व विजेचा वापर वाढतो. मेळघाटासारख्या दाट जंगलात उपग्रहांचे संकेतही क्षीण होतात.

अंतरावर आधारित पद्धती

सपाटीवर, एका रेषेत नसलेल्या तीन संदर्भ नोडांपासूनची अंतरे कळली, की तेवढ्या त्रिज्यांची तीन वर्तुळे जेथे एकत्र छेदतात ते अज्ञात नोडाचे स्थान असते. मोजणीतील चुकांमुळे वर्तुळे सहसा एका बिंदूत मिळत नाहीत. तेव्हा एकूण चूक किमान राहील असा बिंदू गणिताने निवडतात.

संकेताच्या तीव्रतेवरून अंतर काढणे स्वस्त असते, परंतु झाडे, उभे पीक व ओलावा यांमुळे तीव्रता बदलते. संकेताच्या प्रवासकाळावरूनही अंतर मिळते. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंमी जाते. त्यामुळे घड्याळे अत्यंत अचूक लागतात. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जात असल्याने रेडिओ व ध्वनी एकाच वेळी सोडून त्यांच्या पोहोचण्यातील फरक मोजणे सोपे पडते.

अंतर न मोजणाऱ्या पद्धती

'डीव्ही-हॉप' पद्धतीत संदेशाचे टप्पे मोजतात. दोन संदर्भ नोडांमध्ये १०० मीटर अंतर व ५ टप्पे असतील, तर एक टप्पा सरासरी २० मीटरचा ठरतो. त्यांपैकी एकापासून ३ टप्प्यांवरील नोड सुमारे ६० मीटरवर मानला जातो. नोड विषम पसरलेले असल्यास हा अंदाज चुकतो.

भूमापनातील पूर्वरूप

ज्ञातावरून अज्ञात स्थान काढण्याचे तत्त्व भूमापनात जुने आहे. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आरंभलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात एक आधाररेषा मोजून पुढील स्थाने कोनांवरून काढली जात. ही त्रिकोणमालिका वऱ्हाडातील एलिचपूर (आजचे अचलपूर) परिसरातून उत्तरेकडे गेली. लॅम्बटन यांचे १८२३ मध्ये हिंगणघाट येथे निधन झाल्यावर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी काम पुढे नेले. चूक त्रिकोणागणिक साचत जाते, म्हणून ती पडताळण्यासाठी वाटेत नव्या आधाररेषा मोजत.

मर्यादा

संवेदक जाळ्यातही चूक टप्प्याटप्प्याने वाढते. संदर्भ नोड एका कोपऱ्यात किंवा जवळजवळ एका रेषेत असल्यास ती अधिक वाढते. म्हणून ते क्षेत्राच्या कडांवर विखरून ठेवणे हितावह असते.