बारीहून उडणारं बाल्कन एअर फोर्स

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या किनाऱ्यावरून एड्रियाटिक ओलांडणारी दोस्तराष्ट्रांची विमानं म्हटली की रुमानियातल्या तेल कारखान्यांवर जाणारे अमेरिकी बॉम्बरच आठवतात. पण जून १९४४मध्ये इटलीतल्या बारी शहरात विल्यम एलियट या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाताखाली ‘बाल्कन एअर फोर्स’ उभं राहिलं, ते मुख्यतः युगोस्लाव्हियात जर्मनांशी गनिमी काव्याने लढणाऱ्या टिटो या नेत्याच्या ‘पार्टिझान’ सैन्याला बळ देण्यासाठी.

ते निव्वळ ब्रिटिश दल होतं, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात त्यात दक्षिण आफ्रिकी, पोलिश, ग्रीक आणि युगोस्लाव्ह वैमानिक होते, अमेरिकी आणि सोव्हिएत विमानंही या कामात होती. सगळ्यात विलक्षण गोष्ट इटालियनांची. १९४१मध्ये मुसोलिनीच्या सैन्याने युगोस्लाव्हियावर आक्रमण केलं होतं. १९४३मध्ये इटलीने दोस्तराष्ट्रांशी केलेल्या शस्त्रसंधीनंतर इटलीचेच वैमानिक पार्टिझानांसाठी रसद टाकू लागले. त्यांना बाल्कनकडे पाठवण्यामागे मोठा शहाणपणा होता. उत्तर इटलीत मुसोलिनीच्या बाजूने लढणारे इटालियन वैमानिक होते. भावाने भावावर गोळी झाडण्याची वेळ त्यामुळे टळली.

दुसरा समज असा की या दलाचं काम म्हणजे बॉम्बफेक. बॉम्ब त्यांनी टाकलेच, सुमारे ६,६५० टन. पण पोचवलेली रसद १६,४४० टनांवर होती! त्याहून बोलका आकडा माणसांचा: युगोस्लाव्हियात नेली सुमारे २,५००, बाहेर आणली जवळपास १९,०००, आणि त्यांतले बहुतेक जखमी. डोंगरात लपतछपत लढणाऱ्या सैन्याला जखमींना सोडून जाता येत नाही आणि त्यांना घेऊन वेगाने हलताही येत नाही. ऑगस्ट १९४४मध्ये माँटेनेग्रोतल्या ब्रेझ्ना इथे शेतात धावपट्टी करून डकोटा या मालवाहू विमानांनी हजारावर जखमी उचलले, तेव्हा वेढ्यात सापडलेल्या तुकड्यांना पुन्हा हालचाल करता आली. माझ्या मते या दलाची खरी कमाई हीच.

एड्रियाटिकमधलं व्हिस बेट म्हणजे केवळ टिटोचं आश्रयस्थान, हेही अपुरं. तिथल्या छोट्या धावपट्टीवरून लढाऊ विमानं उडत, आणि इटलीपर्यंत न पोचू शकणारे घायाळ बॉम्बर तिथेच उतरत. पुढे अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवणारे जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी डिसेंबर १९४४मध्ये आपला बी-२४ बॉम्बर तिथे उतरवून सहकाऱ्यांचे जीव वाचवले.

आणखी एक गल्लत ‘डेझर्ट एअर फोर्स’ या दोस्तराष्ट्रांच्या दुसऱ्या हवाई दलाशी होते. नाव वाळवंटाचं असलं तरी ते दल आफ्रिकेतून इटलीत आलं आणि तिथल्या दोस्तराष्ट्रांच्या भूदलाला साथ देत राहिलं. ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीवरच्या ज्या लढाईत मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, त्या लढाईआधी जर्मन ठाण्यांवर तुटून पडलेल्या विमानांत आठशेहून अधिक जड बॉम्बरांसोबत याच दलाची लढाऊ विमानं होती.