जनरल ग्रँटचें आत्मवृत्त : लेखकत्वाचा एक प्रश्न

हस्तलिखितांच्या परीक्षणांत दोन प्रश्न वारंवार एकमेकांत मिसळले जातात. अक्षर कोणाचें, हा एक. आणि मजकूर कोणाचा, हा दुसरा. चिटणिसाच्या हातचें पत्र धन्याचेंच ठरतें, हें दप्तरें चाळणाऱ्यांस सांगावयास नको. परंतु एखाद्या ग्रंथाविषयीं तोच वाद उपस्थित झाला म्हणजे निर्णय तितका सोपा राहत नाहीं. अमेरिकेचा सेनापति व अठरावा अध्यक्ष युलिसिस ग्रँट याच्या आत्मवृत्तासंबंधीं १८८५ सालीं असा वाद उत्पन्न झाला. तो कोणत्या पुराव्यानें मिटतो, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ग्रँटचा जन्म २७ एप्रिल १८२२ रोजीं ओहायो राज्यांतील पॉइंट प्लेझंट येथें झाला. त्याचें मूळ नांव हायरम युलिसिस. १८३९ सालीं वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयाकडे त्याची शिफारस करतांना टॉमस हेमर या लोकप्रतिनिधीनें तें 'युलिसिस एस्. ग्रँट' असें लिहिलें. तें चुकीचें नांवच सरकारी पटावर कायम झालें व पुढें ग्रँटनेंही तीच सही चालविली. मेक्सिकोच्या युद्धांत (१८४६-४८) त्यानें कामगिरी केली, १८५४ सालीं नोकरी सोडली आणि सेंट लुईसजवळ शेती आरंभिली. शेतींत अपयश आलें. त्या ओढगस्तीच्या काळांतच, २९ मार्च १८५९ रोजीं, विल्यम जोन्स नामक आपल्या गुलामास विकून पैसा करण्याऐवजीं त्यानें त्यास बंधमुक्त केलें. तें मुक्तिपत्र ग्रँटच्या स्वहस्ताचें आहे.

१८६१ सालीं यादवी युद्ध सुरू होतांच तो पुन्हां सैन्यांत शिरला. फोर्ट डोनेल्सन (१८६२) व व्हिक्सबर्ग (१८६३) येथील विजयांनंतर १८६४ च्या मार्चमध्यें सर्व संघराज्य-सेनेचें आधिपत्य त्याजकडे आलें. ९ एप्रिल १८६५ रोजीं ॲपोमॅटॉक्स येथें जनरल ली शरण आला. त्या शरणागतीच्या अटी ग्रँटनें तेथेंच बसून आपल्या वहींत लिहिल्या व ईलाय पार्कर या सेनेका जमातीच्या अधिकाऱ्यानें त्यांची शाईनें स्वच्छ प्रत केली. येथें अक्षर पार्करचें, मजकूर ग्रँटचा. आणि याविषयीं कोणासच शंका नाहीं. पुढें १८६९ ते १८७७ पर्यंत तो अध्यक्ष होता. नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठीं त्यानें खटपट केली, परंतु सहकाऱ्यांच्या लांचलुचपतीमुळें त्याच्या कारकीर्दीस कलंकही लागला. अधिकार सुटल्यावर त्यानें जगाचा प्रवास केला. त्यांत १८७९ च्या फेब्रुवारींत तो मुंबईसही उतरला होता.

१८८४ च्या मे महिन्यांत 'ग्रँट अँड वॉर्ड' ही पेढी भागीदाराच्या अफरातफरीनें बुडाली व ग्रँट निर्धन झाला. त्याच वर्षीं त्याला घशाचा कर्करोग जडल्याचें निष्पन्न झालें. कुटुंबाच्या निर्वाहासाठीं त्यानें 'सेंचुरी' मासिकाकरितां शायलोच्या लढाईवर लेख लिहिला. पहिला खर्डा सरकारी अहवालासारखा रुक्ष उतरला. संपादक जॉन्सन यानें स्वतः पाहिलेलें व अनुभवलेलें लिहिण्यास सुचविल्यावर ग्रँटनें तो पुन्हां लिहून काढला. यांतूनच संपूर्ण आत्मवृत्ताचा संकल्प झाला. प्रकाशनाचें काम मार्क ट्वेनच्या संस्थेनें पत्करलें.

या कामीं ग्रँटला मदतनीस होते. थोरला मुलगा फ्रेडरिक कागद जुळवी व तारखा पडताळी. ॲडम बॅडो हा युद्धकाळांतील चिटणीस त्याच्या घरींच राहत असे. त्यानें पूर्वीं ग्रँटच्या मोहिमांचा त्रिखंडात्मक इतिहास लिहिला असल्यामुळें, खरा ग्रंथकार तोच, अशी वार्ता एका वृत्तपत्रानें एप्रिल १८८५ अखेर छापली. ग्रँटनें ती प्रकाशकास पत्र लिहून खोडून काढली. त्याच सुमारास बॅडोनें, विस्कळीत भाग सांधून ग्रंथ तयार करण्याबद्दल दरमहा १,००० डॉलर व नफ्याचा दहावा हिस्सा मागितला. ग्रँटनें नकार दिला व दोघांचा संबंध तुटला.

आतां पुरावा पाहूं. पहिला पुरावा मूळ हस्तलिखिताचा. तें वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें असून त्याचा मोठा भाग ग्रँटच्या हातचा आहे. कांहीं मजकूर त्यानें लघुलेखकास तोंडीं सांगितला; वाचा बसल्यावर तो पेन्सिलीनें चिठ्या लिहीत असे. केवळ अन्य हस्ताक्षरावरून तेवढा भाग परक्याचा मानल्यास ॲपोमॅटॉक्सच्या अटीही पार्करच्या मानाव्या लागतील. दुसरा पुरावा शैलीचा. ग्रँटचीं पत्रें व आज्ञापत्रें १९६७ ते २०१२ या काळांत ३२ खंडांत प्रसिद्ध झालीं. त्यांतील आंखूड, सरळ व क्रियापदप्रधान वाक्यरचना आत्मवृत्तांत जशीच्या तशी आढळते. बॅडोच्या इतिहासाचें अलंकृत वळण तींत नाहीं. तिसरा पुरावा कालाचा. बॅडो मे १८८५ च्या आरंभीं दूर झाला, तथापि काम पुढें दोन महिन्यांहून अधिक काळ चालूच राहिलें. तें संपवून ग्रँट २३ जुलै १८८५ रोजीं माउंट मॅक्ग्रेगर येथें वारला. अलग अलग घेतल्यास यांतील एकही पुरावा निर्णायक नाहीं: स्वहस्ताची प्रत नक्कल असूं शकते, शैलीचें अनुकरण होऊं शकतें, आणि मदतनीस आपले खर्डे मागें ठेवून जाऊं शकतो. तिन्ही एकाच दिशेस नेतात, म्हणूनच ग्रंथ ग्रँटचा ठरतो.

ग्रंथ १८८५-८६ सालीं दोन खंडांत निघाला व त्याच्या विधवेस, जूलियास, चार लाखांहून अधिक डॉलर मिळाले. संग्राहकांनीं यांतून घ्यावयाचा बोध इतकाच कीं, स्वच्छ प्रतीबरोबर खर्डे, दुरुस्त्या व पेन्सिलीच्या चिठ्याही एकत्र ठेवाव्या, आणि प्रत्येक कागदाच्या नोंदींत लेखनिक व कर्ता हे रकाने वेगळे असावे. ग्रँटच्या घरच्यांनीं तीं चिटोरीं फेकून दिलीं असतीं तर मरणाच्या दारीं बसून त्यानें केलेल्या श्रमाची साक्ष द्यावयास आज थोडेंच उरलें असतें.