उजनीचा गाळ मोजणारा आवाज

कर्जत तालुका म्हटलं की बाहेरच्याला ज्वारी आणि टँकर आठवतात. पण सिद्धटेक, खेड, भांबोरा या भीमाकाठच्या पट्ट्यात शिरलं की उसाचे फड लागतात आणि काठावर मोटारींच्या रांगा दिसतात. हा उजनीचा फुगवटा. धरणाची भिंत दूर माढा तालुक्यात असली, तरी इथला संसार तिच्या पाण्यावर चालतो. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं तसे शेतकरी पाइप आणि केबल वाढवत, चाऱ्या खोदत त्याच्या मागे जातात. संपादकांनी मला या पाण्याखालच्या गाळावर लिहायला सांगितलं, आणि मी गुंतलो तो गाळ मोजणाऱ्या आवाजात.

धरण 1980 साली पूर्ण झालं. क्षमता सुमारे 117 टीएमसी, आणि त्यातला 63 टीएमसीहून अधिक मृत साठा. 2024च्या जूनमध्ये उजनी, उरलेल्या उपयुक्त साठ्याच्या हिशेबाने, वजा 60 टक्क्यांच्या जवळ गेली. म्हणजे मृत साठ्यातलंही सुमारे 32 टीएमसी संपलं आणि कागदावर तेवढंच उरलं. त्या उरलेल्यात पाणी किती आणि गाळ किती? उपग्रहाला पाण्याची फक्त कड दिसते. कड जिथवर मागे हटते, तिथवरचाच तळ त्याला कळतो. त्याखालचं मोजायला आवाजच लागतो.

गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था समुद्रतळासाठी जी विद्या वापरते, तीच जलाशयांत खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आणि नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था (‘मेरी’) वापरतात. होडीच्या कडेला खांबावर ट्रान्सड्यूसर बसवतात. त्यातली सिरॅमिकची चकती विजेच्या ठोक्याने थरथरते, ध्वनी तळाकडे जातो, आपटून परततो, आणि तीच चकती त्याचा प्रतिध्वनी ऐकते. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1500 मीटर. जाऊन-येऊन एक मिलिसेकंद लागला, तर खोली 75 सेंटिमीटर.

खरी गंमत दोन स्वरांत आहे. 200 किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जेमतेम साडेसात मिलिमीटर. तो मऊ गाळाच्या वरच्या पृष्ठभागावरूनच परततो. 24 किलोहर्ट्झचा जाड स्वर मऊ गाळात शिरून खालच्या घट्ट थरापर्यंत जाऊ शकतो. दोन्ही खोल्यांतला फरक म्हणजे गाळाची जाडी. गाळ त्याहून जाड असेल तर आणखी खालच्या, साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपासच्या स्वराचं यंत्र लावतात.

मला सगळ्यात आवडला तो बार-चेक. यंत्रावर विसंबण्याआधी लोखंडी पट्टी साखळीने ठरावीक खोलीवर सोडायची आणि यंत्र तीच खोली सांगतं का ते पाहायचं. पाणी 20 अंशांवरून 30 अंशांवर गेलं की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 27 मीटरने वाढतो. हा फरक धरला नाही, तर 20 मीटर खोलीवर चूक वीतभरापेक्षा जास्त होते. उजनीसारख्या पसरट जलाशयात एवढी चूक फार मोठी. एवढं महागडं यंत्र साखळी-पट्टीपुढे परीक्षेला बसतं, या प्रामाणिकपणाचं मला कौतुक वाटतं.

पण आवाजालाही अडचणी आहेत, आणि उजनीत त्या ठळक आहेत. पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून इथेच येतं. अशा सेंद्रिय गाळात मिथेनचे बुडबुडे साठू शकतात, आणि बुडबुडे ध्वनीपुढे पडद्यासारखे उभे राहतात. त्यांच्या खालचं काही ऐकूच येत नाही. गोव्याच्या शास्त्रज्ञांना पश्चिम किनाऱ्यालगतच्या वायूभरल्या गाळातही हाच पडदा आडवा आला आहे. दुसरी अडचण मातीची. वाहून आलेली काळी माती बुडालेल्या काळ्या रानावरच बसते. जुनं रान उन्हाने घट्ट झालेलं असलं तर थर वेगळा उमटतो, नाहीतर सीमारेषा पुसट होते. मग नळी ठोकून गाळाचा नमुना काढावा लागतो आणि आवाजाचं म्हणणं हाताने पडताळावं लागतं. आणि कर्जतच्या काठासारख्या उथळ पाण्यात, जलपर्णीत, होडीच शिरत नाही. म्हणजे शेतकऱ्याची मोटार जिथे असते, तिथलंच मोजमाप सगळ्यात कच्चं राहतं. तिथे पाणी ओसरल्यावर जमिनीवरून मोजणी करून दोन्ही नकाशे जोडावेच लागतात. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून टाळता कामा नये.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत जेसीबीने उपसायचा गाळ कोरड्या तलावात डोळ्यांना दिसतो. उजनीचा बराचसा गाळ वर्षानुवर्षं पाण्याखाली असतो, म्हणून त्याची चर्चा अंदाजावर चालते आणि पाण्याच्या वाटणीची भांडणंही. वजा टक्केवारी निघते ती पातळी आणि क्षमतेच्या तक्त्यावरून. प्रत्येक सर्वेक्षणानंतरचा तक्ता, कुठे ध्वनी अडला त्या खुणांसकट, काठच्या ग्रामपंचायतीत लागला पाहिजे. तोवर बातमीत ‘उजनी वजा इतके टक्के’ वाचाल, तेव्हा एवढं जरूर विचारा: हा तक्ता कोणत्या साली मोजला?