बॉडी उचलण्याचे काम : ठोकळा सोपा, जबाबदारी मोठी

मोटार दुरुस्ती, वेल्डिंग आणि बॉडी बांधणी या धंद्यांत आपले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्या हुनरावर अनेक घरांची रोजी चालते. अशा गॅरेजांत कधी कधी एक वेगळेच गिऱ्हाईक येते. पिकअप ट्रकला मोठे टायर बसवायचे आहेत, तेव्हा बॉडी दोन-तीन इंच उचलून द्या, असे ते सांगते. काम एका दिवसाचे वाटते, मजुरीही बरी मिळते. परंतु हे काम हाती घेण्यापूर्वी त्यात नेमके काय येते ते आमच्या कारागीर बंधूंनी समजून घ्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही हौस मूळची अमेरिकेतली. तेथील पिकअप ट्रकची बॉडी वेगळ्या चेसिसवर रबरी पॅकिंग आणि बोल्टने बसवलेली असते. बोल्ट काढून मध्ये ठोकळे घातले आणि लांब बोल्ट आवळले की केबिन व हौदा वर जातो. एक्सल, स्प्रिंग, इंजिन आणि चेसिस मात्र जागेवरच राहतात. त्यामुळे खड्ड्यात डिफरन्शियल टेकत असेल, तर नुसती बॉडी उचलून काडीचाही फायदा नाही. फायदा होतो तो टायरला जागा मिळण्याचा. टायरचा व्यास एक इंच वाढला, तर एक्सल अर्धाच इंच वर येतो, हा हिशेब गिऱ्हाइकाला आधीच सांगावा.

पहिला प्रश्न ठोकळ्याचा. अमेरिकेत काहींनी पैसे वाचवण्यासाठी बर्फावरील हॉकीच्या रबरी चकत्याही ठोकळे म्हणून वापरल्या. आपल्याकडे लाकडाचे तुकडे किंवा पाइपच्या कापट्या घालण्याचा मोह होतो. लाकूड दबते व कुजते. एकावर एक रचलेले तुकडे सरकतात. ठोकळा जितका उंच, तितका ब्रेक मारताना बोल्टवर वाकवणारा जोर जास्त येतो. म्हणून एकसंध ठोकळा, रुंद वॉशर आणि डोक्यावर ८.८ किंवा त्याहून वरचा आकडा कोरलेला बोल्टच वापरावा. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेतील गाड्यांचे जुने बोल्ट गंजून बसतात आणि आतला नट जागीच फिरू लागतो. तेव्हा पाना लावण्यापूर्वी गंज सुटण्याचे तेल घालून ठेवावे.

खरे अवघड काम पुढेच आहे. बॉडी आणि चेसिस यांना जोडणारी प्रत्येक वस्तू ताणली जाते. स्टिअरिंगचे चाक केबिनमध्ये आणि स्टिअरिंग बॉक्स चेसिसवर, त्यामुळे मधला शाफ्ट अपुरा पडतो. खाचांची पकड कमी झाली तर शाफ्ट चालत्या गाडीत सुटू शकतो. तो कापून वेल्डिंगने लांब करणे म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ होय. ब्रेकचा मास्टर सिलिंडर बॉडीवर असतो. तेथून चेसिसवर उतरणारा पाइप ताणला तर त्याच्या तोंडाशी गळती सुरू होते. हँडब्रेकची केबल आखडते. इंधन भरण्याचे तोंड बॉडीला आणि टाकी चेसिसला, म्हणून मधला रबरी पाइप निसटतो व इंधन सांडते. गिअरचा दांडा खाली गेल्यासारखा होऊन फरशीच्या कडेला अडतो आणि गिअर पूर्ण पडत नाही. रेडिएटर बॉडीवर असेल तर तो वर जातो, पंखा इंजिनसोबत खालीच राहतो आणि भोवतीच्या कड्याला घासतो. अर्थिंगची पट्टी तुटली तर विजेच्या तक्रारींचा शोध घेता घेता दिवस जातो. बॅटरी आधीच सोडवावी आणि एका वेळी एकच बाजू, लाकडी फळी घेऊन, हळूहळू उचलावी.

मोठ्या टायरचेही हिशेब असतात. टायरचा व्यास २८ इंचांवरून ३१ इंच झाला, तर स्पीडोमीटर ६० दाखवताना गाडी सुमारे ६६ च्या वेगाने धावत असते. क्लच आणि ब्रेकवर भार वाढतो. वजन वर गेल्याने वळणावर गाडी अधिक कलते. दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, तो खाली करून द्यावा लागतो.

आता कायद्याची बाजू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतील तपशील वेगळा होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विमा कंपनी हरकत घेऊ शकते, ते वेगळेच. "दोनच इंच तर आहे" ही सबब तेथे चालत नाही. म्हणून रस्त्यावर धावणाऱ्या गाडीसाठी आर. टी. ओ. ची लेखी परवानगी दाखवल्याशिवाय हे काम घेऊ नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

मग हे शिकून उपयोग काय? उपयोग असा की, दुसऱ्याने उचललेली गाडी उद्या तुमच्याकडे क्लच किंवा ब्रेकसाठी येईल, किंवा जुनी गाडी घेणारा तुम्हाला ती तपासायला सांगेल. तेव्हा शाफ्टची पकड, ब्रेकचे पाइप, इंधनाचा रबरी पाइप आणि ठोकळ्यांचे बोल्ट आधी पाहा. दोष दिसला तर बिलावर लिहून द्या आणि तोंडानेही सांगा.

मालातील ऐब लपवून केलेल्या सौद्यात बरकत नसते, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळाली आहे. दुकानात सोडलेली गाडी ही अमानत आहे, आणि तिच्यात बसणाऱ्या माणसांचा जीवही. पुरे काम जमत नसेल तर नम्रपणे नाही म्हणावे. एक मजुरी जाईल, पण गॅरेजचे नाव राहील. त्या नावावरच मुलांची रोजी चालणार आहे, इन्शाअल्लाह.