घरचा स्वेटर

साताऱ्यास दिवाळी सरली कीं सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं मुलांचे हात खिशांत जाऊं लागतात. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या घरांत ऊन उशिरां पोंचतें, आणि याच सुमारास अनेक घरांतून कपाटाच्या वरच्या फळीवरची एक पिशवी खालीं येते. तिच्यांत गेल्या वर्षीं सुईवर अडकून पडलेली अर्धी पाठ व लोकरीचे दोन गुंडे असतात. ज्या मुलासाठीं तो स्वेटर आरंभिला, तो मुलगा मात्र एव्हांना चार बोटें उंच झालेला असतो. आई पिशवी पुन्हां बांधते, व बाजारांतून तयार स्वेटर येतो. “वेळच मिळत नाहीं हो,” हें तिचें म्हणणें खोटें नसतें. तथापि स्वेटर अर्धा कां राहतो याचा नीट शोध घेतला, तर दोष वाटतो तितका वेळेचा नाहीं, असें प्रस्तुत लेखिकेचें मत झालें आहे.

प्रथम हिशेब पाहूं. तो गणिताच्या तासास घेतां येईल असाच आहे. दहा वर्षांच्या मुलाची छाती सुमारें ७० सेंटिमीटर भरते. आंत सदरा असतो, हालचालीस जागा हवी, म्हणून स्वेटरचा घेर ७८ सेंटिमीटर धरावा. मध्यम जाडीच्या लोकरीवर १० सेंटिमीटर रुंदींत २२ टाके व तितक्याच उंचींत २८ ओळी बसतात असें मानलें, तर पाठीच्या रुंदीस ८६ टाके आणि ४६ सेंटिमीटर उंचीस १२९ ओळी लागतात. पाठ व पोट मिळून, गळ्याचे आणि बगलेचे कमी केलेले टाके वजा जातां, सुमारें २०,००० टाके झाले. दोन्ही बाह्यांचे आणखी १२,००० धरा. म्हणजे एका लहानशा स्वेटरांत ३२,००० टाके! सरावाचा हात मिनिटास २५ टाके विणतो. त्या मानानें हें काम सुमारें २१ तासांचें. एवढे तास सलग कोणत्याही नोकरी करणाऱ्या अथवा घर सांभाळणाऱ्या बाईस मिळणार नाहींत. परंतु रोज अर्धा तास म्हटलें तर ४३ दिवसच लागतात. दसऱ्यास पहिला टाका घातला, आणि पाहुणे, परीक्षेचे पेपर, एखादें आजारपण यांचे दिवस सोडून दिले, तरी नाताळापूर्वीं स्वेटर अंगांत येतो.

असें अर्ध्या अर्ध्या तासाचें काम प्रत्येक विद्येंत चालत नाहीं. आपल्या दोन्ही जिल्ह्यांची लोकरीची जुनी विद्या घोंगडीची. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या कोरड्या तालुक्यांत धनगर मेंढरें राखतात. लोकर पिंजून तिचें सूत कांतण्याचें काम बहुधा बायकांकडे असे, आणि सणगर व खुटेकर विणकर तें सूत मागावर चढवीत. ताण्यास चिंचोक्याची खळ दिली कीं तो ताठ होतो. घोंगडींत उभे व आडवे असे धाग्यांचे दोन संच असतात. माग एका जागीं रोवलेला, आणि विणकर त्यापाशीं बांधलेला. सुयांवरच्या विणकामांत दोन संच नाहींत. एकच अखंड धागा असतो, व त्याचे फांसे एकांत एक ओंवलेले असतात. नवा फांसा जुन्यांतून पुढच्या बाजूस काढला तर टाका सुलट, मागच्या बाजूस काढला तर उलट. बहुतेक सारी नक्षी म्हणजे या दोहोंचाच फेरफार होय. फांसे ताणले जातात म्हणून स्वेटर डोक्यावरून घालतां येतो, व फांशांत हवा कोंडून राहते म्हणून तो ऊब धरतो. दोन सुया आणि एक गुंडा पिशवींत मावतो. ओळ संपली कीं काम खालीं ठेवावें व कुकरची शिट्टी झाली कीं उठावें.

“मग आपल्याच मेंढरांच्या लोकरीचा स्वेटर कां करूं नये?” हा प्रश्न वर्गांत हमखास येतो, आणि तो योग्य आहे. लोकरीच्या तंतूची जाडी मायक्रोनांत मोजतात. १,००० मायक्रोन म्हणजे एक मिलिमीटर. सुमारें ३० मायक्रोनांहून जाड तंतूचीं टोंकें अंगास टोंचूं लागतात. मेरिनो जातीच्या मेंढीचा तंतु २० मायक्रोनांच्या आसपास असतो. आपल्या दख्खनी मेंढीचा त्याच्या दुपटीहून जाड. हाच दोष घोंगडींत गुण ठरतो, कारण ती पाऊस झेलते व काट्याकुट्यांस दाद देत नाहीं. जत तालुक्यांतील माडग्याळ गांवच्या नांवानें ओळखलें जाणारें मेंढरूं तर मुख्यतः मांसासाठींच पाळतात. घोंगडीची मागणी घटल्यापासून कित्येक मेंढपाळांस लोकरींतून कातरणीची मजुरीही सुटत नाहीं, आणि कातरलेली लोकर टाकून द्यावी लागते. ज्या विद्यार्थ्यांच्या घरीं मेंढरें आहेत त्यांस हें सांगावयास नकोच. दारांत लोकर असून स्वेटरसाठीं मात्र लुधियानासारख्या दूरच्या शहराचे गुंडे विकत घ्यावे लागतात, ही गोष्ट मनास लागते खरी.

सुयांवरचें विणकाम आपल्याकडे युरोपियांच्या मागोमाग आलें, आणि मिशनच्या मुलींच्या शाळांनीं तें घरोघर पोंचविण्यास मोठा हातभार लाविला. अमेरिकन मिशनऱ्यांनीं १८२४ सालीं मुंबईंत मुलींची शाळा काढली. पुढें अशा शाळांतून वाचन-लेखनाबरोबर सुईकामाचाही तास असे. म्हणून हें काम मुलींचेंच, अशी समजूत झाली. ती बरोबर नाहीं. युरोपांतील जुन्या विणकर-संघांचे उस्ताद पुरुष असत, आणि मोजे विणण्याचें पहिलें यंत्र १५८९ सालीं ज्यानें रचिलें तो विल्यम ली हा इंग्रज धर्मोपदेशक होता. आज दुकानांत मिळणारा स्वेटर त्याच यंत्राच्या वंशांतला.

आतां स्वेटर खरोखर कोठें अडतो तें पाहूं. तो पहिल्या संध्याकाळींच अडतो. उत्साहाच्या भरांत नमुन्याचा तुकडा न विणतां एकदम टाके घातले जातात. प्रत्येकीचा हात निराळा. कोणाची वीण घट्ट, कोणाची सैल. वर धरलेल्या २२ टाक्यांऐवजीं तुमच्या हातून १० सेंटिमीटरांत २० च बसत असतील, तर ७८ चा घेर ८६ वर जातो. २४ बसत असतील, तर ७२ च्याही खालीं येतो आणि स्वेटर छातीस जेमतेम पुरतो. चार-पांच दिवसांनीं हें ध्यानांत येतें, मन खट्टू होतें, आणि पिशवी फळीवर चढते. लेखिकेनें धाकट्या मुलासाठीं केलेला पहिला स्वेटर या चुकीनें इतका ऐसपैस झाला, कीं तो तीन हिंवाळे त्याच्या थोरल्या बहिणीनें वापरला. तेव्हां प्रथम १५ सेंटिमीटरांचा चौकोन विणावा, धुवावा, वाळवावा, आणि मधले १० सेंटिमीटर पट्टीनें मोजून टाके मोजावे. टाके कमी भरले तर सुई बारीक घ्यावी, जास्त भरले तर जाड. येथें एक खोंच आहे: आपल्याकडच्या जुन्या मापाच्या सुयांवर नंबर जसा वाढतो तशी सुई बारीक होते. १० नंबरची सुई ८ नंबरच्या सुईहून बारीक असते, हें नवशिक्यांस फार फसवितें. कडेची पट्टी १० नंबरवर व अंग ८ नंबरवर, हा मध्यम लोकरीचा सामान्य मेळ.

लोकर घेतांनाही जपावें. दुकानांत जिला लोकर म्हणतात ती पुष्कळदां मेंढीची नसून ॲक्रिलिकची असते. धाग्याचें टोंक वडीलधाऱ्यांच्या देखत काडीनें पेटवून पाहावें. खऱ्या लोकरीस केस जळल्यासारखा वास येतो व तिची राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कठीण मणी होतो. ॲक्रिलिक स्वस्त, धुण्यास सोपें, व कसर लागत नाहीं. तें वाईट असें मुळींच नव्हे. मात्र तें वितळून अंगास चिकटतें, म्हणून चुलीपाशीं अथवा शेकोटीपाशीं बसणाऱ्या मुलास तें घालूं नये.

कामाची वांटणीही टाक्यांच्या स्वभावाप्रमाणें करावी. पाठीचा सरळ भाग बोलतां बोलतां होतो. तो मुलांचे पाढे ऐकतांना, दवाखान्यांत नंबर येईतों, अथवा साताऱ्याहून सांगलीस एस. टी.नें जातांना विणावा. (घाटरस्त्यावर ज्यांस मळमळतें त्यांनीं हा मोह टाळावा.) बगल, गळा व बाहीचे वाढते टाके यांस मोजणी लागते, तीं कामें रविवारच्या दुपारसाठीं राखावीं. ओळीच्या मध्यें कधीं थांबूं नये, आणि उठण्यापूर्वीं ओळीचा आंकडा वहींत टिपावा. हा आंकडा मांडण्याचें काम घरांतील लहान मुलाकडे द्यावें, तें आनंदानें करतें. टाका गळला तर घाबरून सुई ओढूं नये. क्रोशाच्या सुईनें तो पायरी पायरीनें वर आणतां येतो.

सांगलीकरांस एक सोय अधिक आहे. कृष्णाकांठच्या त्या सपाटीवर पहाटे गारवा असला तरी दहा वाजतां ऊन तापतें. तेथील मुलास बिनबाह्यांचा स्वेटर पुरतो, म्हणजे ३२,००० पैकीं १२,००० टाके वांचले. महाबळेश्वर-पांचगणीस, जेथें कधीं कधीं पहाटेचें दंव गोठतें, तेथें मात्र बाह्यांवांचून भागत नाहीं.

आणि तो अर्धा तास? तो झोंपेंतून कापून घेऊं नये, एवढें पालकांस आग्रहानें सांगावेंसें वाटतें. दिवसभर शाळेंत, कचेरींत वा शेतांत राबून आलेल्या बाईनें रात्रीं अकरा वाजतां दिव्याखालीं टाके मोजावे, आणि घरानें त्याचें कौतुक करावें, हें कांहीं बरें नाहीं. जेवणानंतरचीं भांडीं दुसऱ्या कोणीं घासलीं कीं तो अर्धा तास आपोआप निघतो. ज्यास स्वेटर हवा त्यानेंच तीं घासावीं, असा आमच्या घरीं नियम आहे, आणि मुलगा तो कुरकुर न करतां पाळतो; निदान डिसेंबरांत तरी.

पैशांचा हिशेब केला तर घरचा स्वेटर बाजाराहून स्वस्त पडेलच असें नाहीं; कित्येकदां नुसत्या चांगल्या लोकरीलाच तयार स्वेटराएवढी किंमत पडते. त्याचा फायदा पुढच्या वर्षीं दिसतो. खांद्यापाशीं टाके उचलून बाही वरून खालीं विणली असेल, तर मनगटाची पट्टी उसवून ती दोन बोटें वाढवितां येते; म्हणून त्याच रंगाचा एक गुंडा आधींच जास्त घेऊन ठेवावा, कारण रंगाची तीच छटा पुढें मिळेलच असें नाहीं. मूल फारच वाढलें तर सबंध स्वेटर उसवावा. उसवलेला धागा नागमोडी राहतो. तो खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून त्याची लडी करावी, चार ठिकाणीं सैल बांधावी, कोमट पाण्यांत भिजवावी, आणि खालीं हलकें वजन अडकवून सावलींत टांगावी. धागा बहुतांशी सरळ होतो. कोपर व मनगट येथील झिजलेला भाग काढून टाकावा. उरलेल्या लोकरींत धाकट्या भावंडाचा बिनबाह्यांचा स्वेटर सहज बसतो, आणि त्यांतूनही कांहीं शिल्लक राहिली तर आजोबांची कानटोपी होते.