क्षमा म्हणजे ऋणमोचन, विस्मृती नव्हे

गुड फ्रायडेच्या दिवशी जगभरच्या ख्रिस्तमंदिरांतून क्रुसावरील येशूच्या अंतिम उद्गारांचे मनन होते. त्या उद्गारांत पहिले स्थान क्षमेच्या प्रार्थनेला आहे. आपणांस खिळे ठोकणाऱ्यांना क्षमा व्हावी, कारण आपण काय करीत आहोत हे त्यांना उमगलेले नाही, असे मागणे त्याने पित्यापाशी मागितले. या प्रसंगाविषयी आमच्यासारख्या कीर्तनकारालाही नितांत आदर वाटतो. परंतु याच प्रसंगाचा आधार घेऊन, ‘तुम्ही ख्रिस्ती ना? मग झाले गेले विसरा आणि गप्प बसा’, असे पीडितालाच सुनावले जाते. ख्रिस्ती धर्मबंधूंनी परस्परांना करावयाच्या क्षमेचा हाच अर्थ आहे काय, याचा विचार आजच्या पुण्यदिनी करणे उचित ठरेल.

प्रथम शब्दाकडे वळू. संस्कृतातील ‘क्षम्’ धातूचा अर्थ सहन करणे, समर्थ असणे असा आहे. म्हणूनच पृथ्वीलाही ‘क्षमा’ म्हणतात आणि समर्थ पुरुषाला ‘सक्षम’. दुर्बळाची निरुपाय माघार क्षमा या संज्ञेस पात्र होत नाही, हे आपल्या भाषेनेच सांगून ठेवले आहे. नव्या कराराच्या ग्रीक भाषेतील शब्दाचा मूळ अर्थ मात्र सोडून देणे, मोकळे करणे असा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत तर अपराधासाठी ‘ऋण’ हाच शब्द योजिला आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण मानणाऱ्या आम्हां भारतीयांना ही कल्पना परकी वाटू नये. आणि ऋण सोडावयाचे तर ते होते, हे आधी मान्य करावे लागते. ‘काही घडलेच नाही’ असे म्हणणारा सावकार ऋण माफ करीत नाही, तो केवळ वही लपवितो.

त्याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात एक सुंदर आख्यान आहे. भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा काय, असे पेत्र विचारतो. उत्तर मिळते की सात वेळा नव्हे, सातांच्या सत्तर पट. मग येशू दृष्टांत सांगतो. एका सेवकावर राजाचे दहा हजार तालांतांचे ऋण होते, ते राजाने दया येऊन सोडले. तोच सेवक बाहेर पडला आणि शंभर दीनारांसाठी त्याने आपल्या सोबत्याचा गळा धरला. एक दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, आणि सहा हजार दीनारांचा एक तालांत. हिशेब केला तर सेवकाला मिळालेली सूट त्याने मागितलेल्या रकमेच्या सहा लाख पट भरते. ज्याला स्वतःला अपार क्षमा लाभली आहे, त्याने दुसऱ्याला नाकारू नये, हा त्याचा इत्यर्थ.

पण वक्ते हे आख्यान रंगवून सांगतात आणि त्याच अध्यायातील आधीच्या ओळी विसरतात. त्या ओळींत आज्ञा आहे की, भावाने अपराध केला तर प्रथम एकांतात जाऊन त्याचा दोष त्याला दाखवावा. त्याने ऐकले नाही तर एकदोन साक्षीदार घेऊन जावे, तरीही न ऐकल्यास मंडळीपुढे विषय ठेवावा. म्हणजे सत्यकथन हा क्षमेच्या मार्गावरचाच एक टप्पा ठरतो. लूकच्या शुभवर्तमानातही दोष दाखविणे, पश्चात्ताप आणि क्षमा असाच क्रम आहे. जक्कय नावाच्या जकातदाराने तर लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले होते. क्षमा एकट्यालाही करता येते. समेटाला मात्र दोघे लागतात, आणि त्यांतील एकाला आपले वर्तन बदलावे लागते.

याचे एक मोठे उदाहरण आम्हां पारशिवनीकरांच्या जिल्ह्याच्या ठिकाणीच घडले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रल येथे सहा निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्या एकत्र आल्या आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, मेथडिस्ट, डिसायपल्स आणि संयुक्त उत्तर भारतीय मंडळी अशी ती सहा. त्यांचे वाद क्षुल्लक नव्हते. तान्ह्या बालकाचा बाप्तिस्मा एकाला मान्य, तर दुसऱ्याला अमान्य. बिशपांच्या हातून दीक्षा न घेतलेल्या पाळकाचे सेवापद एकाच्या मते अपुरे, तर दुसऱ्याच्या मते पूर्ण. हे भेद युरोप-अमेरिकेतून आले आणि येथील एकाच गावच्या ख्रिस्ती घरांमध्ये भिंती उभ्या राहिल्या. १९२९ साली सुरू झालेली बोलणी फळाला येण्यास एकेचाळीस वर्षे लागली. अखेर दोन्ही प्रकारचे बाप्तिस्मे ग्राह्य धरले गेले आणि एकमेकांच्या मस्तकांवर हात ठेवून सेवापदे एक करण्यात आली. कोणी कोणाला ‘तू चुकलास’ म्हणून नमविले नाही, आणि मतभेद नव्हतेच असे ढोंगही केले नाही.

तथापि या समेटाने सारे प्रश्न सुटले काय? नाही. ब्रेदरन मंडळीच्या गुजरातमधील मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. केवळ एकीकरणाच्या ठरावाने न्यासाची मालमत्ता नव्या चर्चकडे गेली असे होत नाही, असा त्याचा निकाल २०१३ साली लागला. भावाभावांनी एकमेकांना न्यायालयात खेचू नये, असा उपदेश पौलाने करिंथच्या मंडळीला केला होता खरा. पण तेथेच त्याने मंडळीतील शहाण्यांनी निवाडा करावा, असेही सुचविले होते. निवाडा टाळा, असे त्याचे म्हणणे नव्हते. हृदयातील वैर सोडणे आणि सातबाऱ्यावरचा हक्क सोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे बांधावरून तंटे पाहिलेल्या आमच्या तालुक्यातील शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरे उदाहरण घरातले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक नागपुरास बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले, काही वर्षे वियोगात गेली. पुढे त्या पतीकडे परतल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पूर्ण केले. परंतु ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना त्यांनी पतीचा संताप, लहरीपणा, आपले हाल यांतले काहीही दडविले नाही. ते सारे हसत, न कुढता सांगितले. क्षमा केल्यावरही स्मरण राहते, फक्त त्यातील विष ओसरते, याचा याहून निर्मळ दाखला मराठीत आम्हांस ठाऊक नाही.

आणि शिक्षेचे काय? जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहॅम स्टेन्स व त्यांचे दोन कोवळे मुलगे यांना जिवंत जाळण्यात आले. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना जाहीरपणे क्षमा केली. तरीही खटला चालला, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली कायम केली. या दोहोंत विसंगती नाही. क्षमा हा पीडिताच्या अंतःकरणाचा अधिकार, तर दंड हे राज्याचे कर्तव्य.

म्हणून मार खाणाऱ्या लेकीला ‘क्षमा कर आणि नांदायला जा’ असे सांगणारा पाळक असो वा पुराणिक, तो धर्म सांगत नाही. तिच्या क्षमेवर कोणाचा हक्क चालत नाही, आणि तिने ती केली तरी सुरक्षित अंतर राखण्याचा तिचा अधिकार संपत नाही. मंडळीच्या पैशाचा अपहार करणाऱ्याला क्षमा करता येईल, पण तिजोरीची किल्ली पुन्हा त्याच्याच हाती देणे हे क्षमेचे लक्षण नव्हे. विश्वास हा वर्तनाने पुन्हा कमवावा लागतो.

वाचकहो, क्षमेने काय लाभते, असे कोणी विचारले तर आम्ही एवढेच म्हणू: सूडाचे ओझे उतरते, आणि अपराध्यालाही माणसात परतण्याची वाट खुली राहते. ती वाट चालायची की नाही, हे त्याचे त्याने ठरवावयाचे. आज क्रुसापुढे गुडघे टेकणाऱ्या आमच्या ख्रिस्ती बांधवांना, आणि त्यांच्याकडे आदराने पाहणाऱ्या इतर सर्वांनाही, सत्याची कास न सोडता वैर सोडण्याचे बळ लाभो, हीच प्रार्थना.